चार हंगाम आणि एक तोतया

७ डिसेंबर २००९, सोमवार. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं ओरेम शहर. स्थानिक विद्यापीठाच्या क्रीडागृहात सुमारे साडेसात हजार माणसं जमली होती. सामना होता ‘युटा फ्लॅश’ या बास्केटबॉल संघाचा, त्या हंगामातला घरच्या कोर्टवरचा पहिला. पण बहुतेकांचं लक्ष लागलं होतं मध्यंतराकडे. मध्यंतरात मायकेल जॉर्डन येणार, अशी बोलवा होती. शेजारच्या प्रोव्हो शहरातल्या एका रेस्टॉरंटमध्ये तो अंगरक्षकांसह जेवताना दिसला होता म्हणे. त्याचा व्हिडिओही यूट्यूबवर फिरत होता.

मध्यंतर झालं. उंच, तुळतुळीत डोक्याचा एक माणूस कोर्टवर आला. क्षणभर जल्लोष झाला आणि लगेच त्याचा हुर्यो झाला. हा जॉर्डन नव्हताच. त्याच्यासारखा दिसणारा कुणी आणून उभा केला होता, आणि रेस्टॉरंटमधला ‘जॉर्डन’ही बनावटच होता. पानिपतानंतर उगवलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाला काही वर्षं तरी माणसं मिळत गेली. ओरेमच्या तोतयाचा अंमल काही मिनिटांत आटोपला. अर्धा सामना शिल्लक असताना लोक उठून घरी निघाले.

युटा फ्लॅशचं नाव आज कुणाला आठवलंच, तर ते या फजितीमुळे. हे संघावर थोडं अन्यायाचं आहे. २००७ ते २०११ असे चार हंगाम हा संघ खेळला, एकदा लीगच्या अंतिम फेरीत पोचला, त्याच्याकडून खेळलेली काही पोरं बास्केटबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, म्हणजे एनबीएत, गेली. तरीही त्या रात्रीच्या नाटकात या संघाचं सगळं दुखणं एकवटलं होतं. दुय्यम लीगमधला संघ गावाचं नाव लावून खेळतो, पण त्यात गावाचं स्वतःचं फार थोडं असतं. फ्लॅशचे खेळाडू लीगच्या करारावर, त्यांतले उत्तम ते वरच्या संघांनी तात्पुरते धाडलेले, क्रीडागृह विद्यापीठाचं. मग गर्दी जमवायला ताराही उसनाच आणावा लागला, आणि तो खोटा निघाला.

जॉर्डनच का, याला कारण होतं. १४ जून १९९८ रोजी, ओरेमपासून सुमारे ६५ किलोमीटरवरच्या सॉल्ट लेक सिटीत, शिकागो बुल्स आणि युटा जॅझ यांच्यात एनबीएच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना झाला. शेवटचे ५.२ सेकंद उरले असताना जॉर्डनने ब्रायन रसेल या जॅझच्या खेळाडूला चकवून बास्केट केलं आणि बुल्स ८७–८६ असे जिंकले. तो बुल्सचा सहावा किताब. जॉर्डनने त्या क्षणी रसेलला हाताने ढकललं, असं युटातले लोक आजही ठामपणे सांगतात. सप्टेंबर २००९ मध्ये जॉर्डनचा बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला, तेव्हा भाषणात त्याने रसेलचं नाव घेऊन जुना हिशेब पुन्हा उकरून काढला. आपण निवृत्त असताना रसेलने आपल्याला डिवचलं होतं, हे तो विसरला नव्हता.

फ्लॅशच्या मालकाला यात संधी दिसली. रसेल आणि जॉर्डन यांनी ओरेममध्ये येऊन मध्यंतरात एकास एक खेळावं, एक लाख डॉलर धर्मादाय कामाला देऊ, असं त्याने जाहीर केलं. रसेल आला. जॉर्डनकडून होकार आलाच नाही. पण तिकिटं खपत होती आणि बातमी पसरत होती, तेव्हा नकार सांगून टाकण्याऐवजी तोतयाचा बेत रचला गेला. दुसऱ्या दिवशी देशभरच्या क्रीडापानांवर ओरेमचं नाव होतं, आणि मालकावर जाहीर माफी मागायची वेळ आली.

हा मालक म्हणजे ब्रँट अँडरसन. सॉफ्टवेअरच्या धंद्यात पैसा केलेला, तिशीच्या आसपासचा युटाचाच तरुण. त्याने संघ घेतला तो केवळ हौस म्हणून नव्हे. ओरेमजवळच्या लीहाय गावात मोठा प्रकल्प उभारायचा, त्यात संघासाठी नवं क्रीडागृह, हॉटेल, दुकानं, घरं, आणि आराखडा करणार फ्रँक गेहरी, असा त्याचा मनसुबा होता. बिल्बाओचं गुगेनहाइम संग्रहालय उभारणारा गेहरी युटातल्या एका छोट्या गावासाठी काम करणार, या बातमीने तेव्हा बरीच खळबळ उडाली. पुढे २००८ ची मंदी आली. तो प्रकल्प कागदावरच राहिला आणि संघ विद्यापीठाच्या भाड्याच्या कोर्टवर.

अँडरसनने ज्या लीगमध्ये पैसे घातले, तिची कूळकथाही सांगायला हवी.

अमेरिकेत दुय्यम बास्केटबॉल एनबीएइतकंच जुनं आहे. १९४६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या गावांमध्ये सुरू झालेली ईस्टर्न लीग पुढे ‘काँटिनेंटल बास्केटबॉल असोसिएशन’, म्हणजे सीबीए, झाली. तिचा जन्म एनबीएच्या मूळ लीगपेक्षा काही आठवडे आधीचा. बसने रात्रभर प्रवास, स्वस्त हॉटेलं आणि दर वर्षी बदलणारी संघांची यादी, हे तिचं जग. जॉर्डनच्या बुल्सना सहा किताब मिळवून देणारा प्रशिक्षक फिल जॅक्सन याच लीगमध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी पॅट्रून्स संघावर तयार झाला. १९९९ मध्ये माजी खेळाडू आयझेया थॉमसने जवळपास एक कोटी डॉलर देऊन अख्खी लीगच विकत घेतली. २००१ च्या फेब्रुवारीत, हंगाम अर्ध्यावर असताना, ती बंद पडली. नंतर ती पुन्हा उभी राहिली खरी, पण तिचा जोर गेला होता.

२००१ मध्येच एनबीएने स्वतःची दुय्यम लीग काढली, आज जिला जी-लीग म्हणतात ती. सुरुवातीला आठ संघ होते, सगळे आग्नेय अमेरिकेतल्या मध्यम शहरांमध्ये आणि सगळे एनबीएच्याच मालकीचे. साउथ कॅरोलायनातला ग्रीनव्हिल ग्रूव्ह हा पहिला विजेता. पहिला किताब जिंकून वर्ष उलटतं न उलटतं तोच, २००३ मध्ये, तो बंद झाला. त्या आठांपैकी एकही संघ आज मूळ गावी नाही. अलाबामातल्या हंट्सव्हिलचा संघ न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला गेला आणि तिथून ओहायोला. नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलचा ओक्लाहोमाला. बाकीच्यांनी बहुतेक गाशा गुंडाळला.

२००५ नंतर एनबीएने धोरण बदललं. संघ खासगी मालकांना द्यायचे, लीग पश्चिमेकडे न्यायची, आणि प्रत्येक दुय्यम संघाला एनबीएच्या एक-दोन संघांशी जोडायचं. या नव्या वाटेवर २००७ मध्ये चार संघ आले: आयोवा एनर्जी, इंडियानातला फोर्ट वेन मॅड अँट्स, टेक्ससच्या मेक्सिको सीमेवरचा रिओ ग्रांदे व्हॅली वायपर्स आणि युटा फ्लॅश. यांतल्या दोघांची गाठ पुढे पुन्हा पडणार होती.

त्या काळात ही लीग चालायची कशी, हे समजलं की फ्लॅशची अडचण आपोआप कळते. खेळाडूचा करार संघाशी नसे, लीगशी असे. दर वर्षी लीगचा स्वतंत्र ड्राफ्ट व्हायचा, त्यातून संघ खेळाडू उचलायचे. हंगाम ५० सामन्यांचा, पगार श्रेणीनुसार १२ ते २५ हजार डॉलरच्या दरम्यान. ही वर्षाची कमाई. त्या वेळी एनबीएतला नवखा खेळाडूही वर्षाला चार लाखांहून अधिक डॉलर मिळवत होता. युरोपात, चीनमध्ये किंवा फिलिपिन्समध्ये याहून कितीतरी जास्त पैसे मिळायचे. तरी पोरं इथे राहायची, कारण एनबीएचे निरीक्षक इथे येऊन बसायचे. जानेवारी उजाडला की दहा दिवसांच्या करारांचा मोसम सुरू होई. एनबीएतला कुणी जखमी झाला की फोन यायचा, आणि खेळाडू त्याच दिवशी विमान पकडायचा.

फोन कुणालाही, कुठूनही येऊ शकत असे, ही यातली खरी मेख. फ्लॅश हा युटा जॅझचा जोडसंघ, पण म्हणून फ्लॅशचा खेळाडू जॅझचाच होत नसे. फ्लॅशकडून खेळणाऱ्या डॉनटेल जेफरसनला २००९ मध्ये उचललं ते शार्लटने. उलट, जानेवारी २०१० मध्ये जॅझला गार्ड हवा होता, तेव्हा त्यांनी घरातल्या फ्लॅशला सोडून आयडाहो स्टॅम्पीड संघातला सुंदियाटा गेन्स बोलावला. १४ जानेवारीला, दहा दिवसांच्या करारावर खेळणाऱ्या गेन्सने लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलंडविरुद्ध शेवटच्या ठोक्याला लांबून बास्केट टाकून सामना ९७–९६ असा जिंकून दिला. एनबीएतला त्याचा तो पहिलाच थ्री-पॉइंटर. जॅझच्या चाहत्यांच्या आठवणीतला तो सुंदर क्षण आहे. फ्लॅशच्या वाट्याला मात्र त्यातलं काही आलं नाही.

दुसऱ्या बाजूने, एनबीएचे संघ आपले नवखे खेळाडू खेळायला मिळावं म्हणून खाली पाठवत. तेव्हाच्या नियमानुसार पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा खेळाडू हंगामात तीनदा असा पाठवता येई. फ्लॅशला दोन पालक होते: जॅझ आणि बोस्टन सेल्टिक्स. एक शेजारचा, दुसरा देशाच्या पार दुसऱ्या टोकाचा. जॅझने युक्रेनचा किरिलो फेसेन्को आणि पुढे कोस्टा कूफोस हे उंच सेंटर धाडले. सेल्टिक्सने गेब प्रुइट पाठवला, पुढच्या वर्षी जे. आर. गिडेन्स. प्रुइटची गंमत अशी, की ज्या हंगामात तो ओरेमच्या कोर्टवर घाम गाळत होता, त्याच हंगामाच्या शेवटी, २००८ मध्ये, सेल्टिक्स एनबीएचे विजेते ठरले आणि तोही विजेत्या संघाचा सदस्य झाला. २००९ मध्ये बोस्टनच्या जवळ, मेन राज्यात, नवा संघ निघाला तेव्हा सेल्टिक्सने जोडणी तिकडे वळवली. मग फ्लॅशचा दुसरा पालक झाला अटलांटा हॉक्स.

पहिले तीन हंगाम प्रशिक्षक एकच: ब्रॅड जोन्स. दोन वरच्या संघांच्या अपेक्षा, खाली आलेल्या खेळाडूला मिनिटं द्यायचा दबाव, आणि त्याच वेळी गावासाठी सामने जिंकायचे, अशी तिहेरी कसरत त्याच्याकडे होती. आज खेळवलेला खेळाडू उद्या सरावाला असेलच, याची खात्री नसे. अशा जागी तीन वर्षं टिकणं हेच मोठं काम. फ्लॅशनंतर तो टेक्ससमधल्या ऑस्टिन टोरोसकडे गेला आणि २०१२ मध्ये त्याने लीगचा किताब जिंकला.

पहिल्याच हंगामात ओरेमच्या लोकांनी पाहिला मॉरिस ऑल्मंड. २००७ च्या ड्राफ्टमध्ये जॅझने त्याला पहिल्या फेरीत, २५ व्या क्रमांकावर निवडलं होतं, पण सॉल्ट लेकमध्ये त्याला बाकावर बसावं लागे. फ्लॅशकडून त्याने एका सामन्यात ५३ गुण कुटले, तो तेव्हाचा लीगचा विक्रम होता. तरी वर त्याचं बस्तान बसलं नाही. एनबीएत त्याचे सगळे मिळून चाळीस सामनेही भरले नाहीत. खालच्या लीगमधले ५३ गुण वरच्या दहा मिनिटांचीही हमी देत नाहीत, हा या पायरीचा कडू हिशेब.

दुसरा हंगाम फ्लॅशचा सर्वांत चांगला. २००९ च्या वसंतात संघ अंतिम फेरीत गेला. समोर कोलोराडो फोर्टीनर्स. कोलोराडोत चौदा हजार फुटांवरची पन्नासहून अधिक शिखरं आहेत, त्यांवरून आलेलं हे नाव. फोर्टीनर्सनी दोन्ही सामने जिंकून किताब घेतला. आणि त्यानंतर काय झालं? विजेता संघ कोलोराडोतून उचलला गेला. एक वर्ष तो खेळलाच नाही. २०१० मध्ये टेक्ससमधल्या फ्रिस्को शहरात ‘टेक्सस लेजेंड्स’ या नावाने उतरला. त्याची पहिली प्रशिक्षक नॅन्सी लीबरमन, एनबीएशी जोडलेल्या पुरुषांच्या संघाची पहिली महिला मुख्य प्रशिक्षक. कोलोराडोतल्या चाहत्यांना आपला विजेता संघ पुन्हा घरच्या कोर्टवर पाहायला मिळाला नाही. उपविजेत्या फ्लॅशकडेही दोनच वर्षं उरली होती.

फ्लॅश का चालला नाही? युटात बास्केटबॉलची आवड नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही. हा मॉर्मन लोकवस्तीचा प्रदेश, आणि मॉर्मन चर्चच्या इमारतीत प्रार्थनेच्या दालनाला लागून बास्केटबॉलचं कोर्ट असणं ही इथली सर्रास गोष्ट. मुलं तिथेच खेळत वाढतात. आवडीचा तुटवडा नव्हता, उलट आवडीच्या वाटा ठरून गेल्या होत्या. मोठं बास्केटबॉल पाहायचं तर तासाभराच्या अंतरावर जॅझ. आपलं म्हणावं असं बास्केटबॉल पाहायचं तर शेजारच्या प्रोव्होत ब्रिगहॅम यंग विद्यापीठ, तिथलं तेव्हा वीस हजारांहून अधिक आसनांचं मॅरियट सेंटर आणि पिढ्यान्‌पिढ्यांची निष्ठा. नव्वद हजारांच्या आसपास वस्तीच्या ओरेममध्ये या दोघांच्या मध्ये तिसऱ्याला जागा शोधायची होती.

त्यात फ्लॅशचा शेवटचा हंगाम, २०१०–११, नेमका जिमर फ्रेडेटचा निघाला. ब्रिगहॅम यंगच्या या गार्डने त्या वर्षी देशातल्या कुठल्याही कॉलेज खेळाडूपेक्षा जास्त सरासरीने गुण केले. अर्ध्या कोर्टवरून टाकलेली त्याची बास्केटं देशभर दाखवली जात होती. विद्यापीठाने ३२ सामने जिंकले, पाच हरले. जिमरला वर्षातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू म्हणून गौरवलं गेलं. पूर्ण जिल्हा त्याच्या नावाने वेडा झालेला असताना, काही किलोमीटरवर, ज्यांची नावं पाठ व्हायच्या आत बदलत होती अशा खेळाडूंचा सामना बघायला कोण येणार? कॉलेजचा खेळाडू तेव्हा दोन-चार वर्षं तरी राहायचा. त्याचे आईवडील, त्याचे मित्र, त्याचं वसतिगृह गावाला माहीत होतं. दुय्यम लीगचा खेळाडू चांगला खेळला, की त्याचं बक्षीस म्हणजे गाव सोडून जाणं. मग गावाने जीव लावायचा तो कुणावर?

तोतयाच्या प्रसंगाकडे या बाजूनेही पाहावं लागतं. साडेसात हजार ही गर्दी खरी होती, पण ती संघाची नव्हती. ती अकरा वर्षांपूर्वीच्या एका पराभवाची गर्दी होती. त्या सल-संतापाचं तिकीट विकता येईल, हा अँडरसनचा अंदाज बरोबर निघाला. चुकला तो पुढचा हिशेब. फसवला गेलेला प्रेक्षक पुढच्या सामन्याला येत नाही.

२०११ चा हंगाम संपल्यावर फ्लॅशने पुढच्या वर्षी खेळणार नाही असं जाहीर केलं. कामकाज थांबलं, खेळाडू लीगच्या इतर संघांत विखुरले.

संघ संपला, फ्रँचाइझी मात्र संपली नाही. कोर्ट नाही, खेळाडू नाहीत, प्रशिक्षक नाही, तरी लीगमधला त्याचा हक्क शिल्लक होता आणि त्याला किंमत होती. २०१३ मध्ये फिलाडेल्फिया सेव्हंटी-सिक्सर्सने तो विकत घेतला आणि देशाच्या पूर्व किनाऱ्यावर, डेलावेअर राज्यातल्या नूअर्कला नेला. अमेरिकेच्या राज्यघटनेला १७८७ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारं राज्य डेलावेअर, म्हणून नाव ठेवलं ‘डेलावेअर एटी-सेव्हनर्स’. २०१८ मध्ये ते बदलून ‘ब्लू कोट्स’ झालं, आणि पुढच्या वर्षी संघ विल्मिंग्टनच्या नव्या क्रीडागृहात गेला. २०२३ मध्ये या ब्लू कोट्सनी जी-लीगचा किताब जिंकला. अंतिम फेरीत त्यांनी हरवलं ते रिओ ग्रांदे व्हॅली वायपर्सना. म्हणजे २००७ मध्ये एकाच वेळी जन्मलेल्या चार भावंडांपैकी दोघं सोळा वर्षांनी अंतिम सामन्यात समोरासमोर आली होती. त्यांतलं एक अजून मूळ परिसरात आणि मूळ नावाने खेळत होतं. दुसऱ्याचं गाव, नाव, रंग, मालक, सगळं बदललेलं.

वायपर्स टिकले त्यामागे कारण होतं. २००९ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने त्यांच्याशी नव्या पद्धतीचा करार केला: बास्केटबॉलचा सगळा खर्च आणि निर्णय रॉकेट्सचे, गावातली तिकीटविक्री आणि जाहिराती स्थानिक मालकाच्या. पाठोपाठ इतरांनी तो कित्ता गिरवला, काहींनी तर संघच विकत घेतले. एकट्या मालकाने गाव पटवून संघ चालवायचा, हा फ्लॅशचा मार्ग बंद होत गेला. २०२४–२५ च्या हंगामात जी-लीगमध्ये ३१ संघ होते. एनबीएच्या तीसही संघांना आपापला एक, आणि एकतिसावा मेक्सिको सिटीचा. दोन पालकांमध्ये विभागलेलं पोर आता कुणी नाही. जॅझनेही आयडाहो स्टॅम्पीड विकत घेऊन २०१६ मध्ये सॉल्ट लेकला आणला आणि नाव दिलं ‘सॉल्ट लेक सिटी स्टार्स’. १९७१ मध्ये जुन्या एबीए लीगचा किताब जिंकून पुढे चारच वर्षांत बंद पडलेल्या ‘युटा स्टार्स’ची ती आठवण.

या फेरबदलात एक मुंबईकरही आहे. मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जचे प्रमुख मालक झाले. फ्लॅशच्याच काळात, २००८ मध्ये, लीगमध्ये आलेला नेवाडातला रीनो बिगहॉर्न्स हा संघ किंग्जने २०१६ मध्ये विकत घेतला आणि २०१८ मध्ये रीनोतून हलवून कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनला नेला. रीनोच्या बाजूने पाहिलं तर ही ओरेमचीच कहाणी. स्टॉक्टनच्या बाजूने पाहिलं तर तासाभरावरच्या किंग्जसाठी खेळाडू घडवणारी सोयीची शाळा. २०१९ च्या ऑक्टोबरात रणदिवेंचे किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईत वरळीच्या एनएससीआय संकुलात खेळले, तो भारतातला एनबीएचा पहिला सामना.

फ्लॅशला अंतिम फेरीत हरवणाऱ्या संघाचाही भारताशी धागा जुळला. टेक्सस लेजेंड्समध्ये २०१५ पासून दोन हंगाम पंजाबच्या बरनाळा जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग खेळला. सव्वासात फुटांच्या आसपास उंचीचा हा सेंटर एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं, पण एनबीएचा सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २०१५ मध्येच भारतात यूबीए नावाची व्यावसायिक लीग निघाली होती. मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज हे त्यातले आपल्याकडचे दोन संघ. २०१७ नंतर ती लीगच थांबली. पेशव्यांच्या नावाने खेळलेल्या या संघाला फ्लॅशइतकंही आयुष्य मिळालं नाही.

मग फ्लॅशचं उरलं काय? त्याचं उत्तर २००७ च्या लीग-ड्राफ्टच्या सातव्या फेरीत आहे. तिथे फ्लॅशने आंद्रे इंग्रम नावाचा एक गार्ड उचलला. वॉशिंग्टनच्या अमेरिकन विद्यापीठातला, भौतिकशास्त्राचा पदवीधर. सातवी फेरी म्हणजे जवळजवळ उरलेसुरले. ओरेममध्ये तो चारही हंगाम राहिला. नावं येत-जात असताना हा एक तिथेच होता, कारण त्याला वरून फोन येत नव्हता. लांबून बास्केट टाकण्यात त्याचा हात विलक्षण होता. फ्लॅश बंद पडल्यावर तो एनबीएतल्या लेकर्सच्या दुय्यम संघात गेला, आणि घरखर्चाला हातभार म्हणून गणिताच्या शिकवण्या घेत खेळत राहिला.

एप्रिल २०१८ मध्ये, लेकर्सच्या हंगामातले दोनच सामने उरले असताना, त्यांनी त्याला करार दिला. वय ३२, केसांत चांदी. ह्यूस्टन रॉकेट्सविरुद्ध त्याने आठ फटक्यांपैकी सहा साधले, त्यांत चार थ्री-पॉइंटर, एकूण १९ गुण. लेकर्स १०५–९९ असे हरले, तरी प्रेक्षागृह त्याच्या नावाने घोषणा देत होतं. त्या दोन सामन्यांचे त्याला सुमारे १३,८०० डॉलर मिळाले. जी-लीगच्या संबंध हंगामाचा त्याचा पगार होता १९,००० डॉलर.

बातम्या आल्या, मुलाखती झाल्या, आणि तो पुन्हा जी-लीगमध्ये परतला. त्या लीगमध्ये सर्वाधिक थ्री-पॉइंटरचा विक्रम त्याच्या नावावर जमा झाला. पगाराच्या प्रश्नाला तोवर धार आली होती. २०१८–१९ पासून लीगने तो ३५,००० डॉलरवर नेला. २०२० मध्ये जी-लीगच्या खेळाडूंनी इतिहासात पहिल्यांदा आपली संघटना स्थापन केली. करार संघाशी नसून लीगशी असेल, तर बोलणीही लीगशीच करायला हवीत, आणि ती एकेकट्याने करून चालत नाहीत. फ्लॅशने सातव्या फेरीत उचललेला आंद्रे इंग्रम या संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला. पुढच्या काही वर्षांत हंगामाचा पगार ४०,५०० डॉलरवर गेला.